मदत हवी आहे: खुर्च्यांच्या पायांना लावलेल्या फेल्टच्या चकत्या टिकत नाहीत

निशिगंध
नमस्कार. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना मी चिकटणाऱ्या फेल्टच्या गोल चकत्या लावते, आणि त्या काही केल्या टिकत नाहीत. आधी एका कडेने उचलल्या जातात, मग सरकून पायाबाहेर जिभेसारख्या लोंबू लागतात आणि शेवटी केर काढताना केराबरोबर निघून येतात. मागे राहिलेल्या गोंदाला केस व धूळ चिकटून काळा थर बसतो. आता फरशीवर बारीक पांढरट ओरखडे दिसू लागले आहेत. घर भाड्याचे आहे, करार संपत आला आहे, आणि फरशी खराब झाली तर पॉलिशचा खर्च अनामत रकमेतून कापला जाईल, असे घरमालकांनी स्पष्ट सांगितले आहे. चांगल्या चकत्या कोणत्या, एवढेच कृपया सांगावे. ऑनलाइन विक्रीचे दुवे देऊ नयेत, ते सगळे पाहून झाले आहेत. ज्यांनी स्वतःच्या घरी वापरून पाहिले आहे, त्यांनीच लिहिले तर उपयोग होईल.

वाटसरू
फरशी कोणती आहे, हे आपण लिहिलेले नाही. ते कळल्याशिवाय कोणतेही उत्तर अंदाजाचेच ठरेल.

निशिगंध
नेहमीचीच आहे, पांढरी. प्रश्न फरशीचा नसून चकत्यांचा आहे.

वाटसरू
पांढरी फरशी संगमरवराचीही असते आणि व्हिट्रिफाइड टाइलचीही, आणि ओरखड्यांच्या बाबतीत या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिडरिश मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेली कठीणपणाची मोजपट्टी आजही वापरली जाते. तिच्यावर संगमरवर, म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, ३ च्या आसपास येतो, चाकूच्या पात्याचे पोलाद साडेपाचच्या आसपास आणि वाळूतले क्वार्ट्झ ७ वर. याचा अर्थ असा, की संगमरवराला खुर्चीचा लोखंडी पायही ओरबाडतो आणि चकतीत अडकलेला वाळूचा कणही ओरबाडतो. चांगल्या व्हिट्रिफाइड टाइलवर मात्र लोखंडाचा ओरखडा सहसा उमटत नाही. उलट लोखंडच झिजून त्याची करडी रेघ टाइलवर बसते, आणि लोक तिलाच ओरखडा समजतात. पांढरट रेघेवरून नख आडवे फिरवून पाहा. नख अडले तर दगड कोरला गेला आहे. फरशी ओळखायची असेल तर रेषांची नक्षी पाहा. टाइलवर तीच नक्षी काही अंतराने पुन्हा दिसते, संगमरवरात ती पुन्हा येत नाही.

गोदाकाठ
एवढ्या शास्त्राची आवश्यकता नाही. आमच्याकडे नाशिकला पूर्वीपासून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पलंगाच्या आणि कपाटाच्या पायांखाली घालतात. खर्च काहीच नाही आणि पाय जागचा हलत नाही. ओरखड्यांवर लिंबाची फोड आणि खाण्याचा सोडा चोळावा, फरशी लख्ख होते.

वाटसरू
गोदाकाठ, आपला हेतू चांगला आहे, पण फरशी संगमरवराची निघाली तर या दोन्ही उपायांनी नुकसान होईल. लिंबातले आम्ल कॅल्साइटशी प्रक्रिया करते, पॉलिश खाऊन टाकते आणि तिथे कायमचा निस्तेज डाग पडतो. व्हिनेगर आणि संडास साफ करण्याची आम्लयुक्त द्रव्ये यांनीही हेच होते. काळे रबर महिनोन्महिने एका जागी दाबून राहिले, की त्यातली द्रव्ये दगडात झिरपतात, आणि तो पिवळा-तपकिरी डाग वरवर पुसून जात नाही. भाड्याच्या घरात हा प्रयोग कोणी करू नये.

गोदाकाठ
आमच्या घरी शहाबादी फरशी आहे आणि तिच्यावर आजवर एकही डाग पडलेला नाही. प्रत्येकाचा अनुभव वेगळा असू शकतो.

वाटसरू
शहाबादी हाही चुनखडीचाच दगड आहे, त्यामुळे आम्लाचा परिणाम त्याच्यावरही होतो. ती फरशी करड्या रंगाची असते आणि बहुधा तिला आरशासारखे पॉलिश केलेले नसते, म्हणून तो चटकन नजरेत भरत नाही, इतकेच.

निशिगंध
नक्षी पाहिली. ती पुन्हा येत नाही, म्हणजे संगमरवरच आहे. दोन ठिकाणी नख किंचित अडते, बाकी रेघा वरवरच्या वाटतात. पण चकत्या का निघतात, हे अजून कोणीही सांगितलेले नाही.

काटकोन
मी फर्निचरचे काम करतो, म्हणून तीन गोष्टी विचारतो. खुर्चीचे पाय लाकडी आहेत की लोखंडी? पाय जमिनीवर सरळ उभे आहेत की बाहेरच्या बाजूला तिरके गेलेले आहेत? आणि पायाच्या तळाला प्लास्टिकचे बूच आहे का? चकती निघण्याचे कारण बहुतेक वेळा या तीनपैकीच एक असते.

षड्ज
बाजारातल्या बहुतेक चकत्या पॉलिस्टरच्या धाग्यांच्या असतात आणि दाबाने लवकर चपट्या होतात. आम्ही मिरजेचे. पेटीच्या स्वरपट्ट्यांखाली खटखट होऊ नये म्हणून जे फेल्ट घालतात, ते खऱ्या लोकरीचे असते, आणि वर्षानुवर्षे बोटांचे आघात झेलूनही त्याची लव टिकते. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे त्याचे तुकडे मागून पाहा. मी घरातल्या सर्व खुर्च्यांना तेच लावले आहे आणि माझे मत ठाम आहे, की लोकरीला पर्याय नाही.

वाटसरू
लोकरीचे फेल्ट उत्तमच, पण आपल्या दमट हवेत त्याला कसर लागते. पेटी झाकलेली असते, वरचेवर हाताळली जाते. कपाटाच्या पायाखाली अंधारात पडून असलेल्या फेल्टचे तसे नसते. पॉलिस्टरला निदान ती भीती नाही.

षड्ज
कपाटाचा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. खुर्ची दिवसातून अनेकदा हलते, तिथे कसर लागल्याचे मी पाहिलेले नाही.

दुसरामजला
या निमित्ताने एक विनंती करतो. चकत्यांचा खरा उपयोग खालच्या मजल्यावरच्या माणसांना विचारा. रात्री अकरानंतर वरच्या घरात खुर्ची ओढली जाते तो आवाज स्लॅबमधून थेट खाली येतो, आणि आजारी माणूस घरात असेल तर त्याची झोप मोडते. खुर्ची उचलून ठेवण्याची सवय मुलांना लावली, तर फरशीही वाचेल.

निशिगंध
दुसरामजला, आपली अडचण समजते, पण आम्ही तळमजल्यावर राहतो.

काटकोन यांच्या प्रश्नांची उत्तरे: पाय लोखंडी पोकळ पाइपाचे, काळ्या रंगाचे आणि बाहेर तिरके गेलेले आहेत. तळाला काळे प्लास्टिकचे बूच आहे आणि चकती त्या बुचावरच चिकटवते. खुर्ची उलटी करून पाहिले, तर बूच एका बाजूने घासून चपटे झाले आहे आणि त्याच बाजूला पाइपाची कड जवळजवळ उघडी पडली आहे.

काटकोन
मग कारण स्पष्ट आहे. ही बुचे साधारणपणे पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात. या प्लास्टिकचा पृष्ठभाग असा असतो, की त्यावर बहुतेक गोंद धरतच नाहीत. चकती महागातली असली तरी फरक पडत नाही. दुसरे असे, की पाय तिरका असल्यामुळे चकतीचा संपूर्ण तळ जमिनीवर टेकत नाही. सगळा भार एका कडेवर येतो, खुर्ची मागे ओढली की ती कड दुमडते आणि गोंद सोलला जातो. ज्या बाजूने बूच घासले आहे, तिथला पाइप आपल्या फरशीला आधीच लागत असणार. तो खोल ओरखडा त्याचाच आहे, असे माझे मत आहे.

अशा खुर्च्यांना चिकटणारी चकती लावूच नये. पाइपात ठोकून बसवायचे बूच मिळते, ज्याच्या तळाला फेल्ट आधीच बसवलेले असते. तिरक्या पायासाठी त्यात गोलाकार सांधा असलेला प्रकार येतो, म्हणजे पाय कसाही तिरका असला तरी तळ जमिनीवर सपाट बसतो. नुसते सरळ बूच आणले तर हीच कथा पुन्हा घडेल.

मिताली_के
एवढा खटाटोप कशाला? झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे दोन थेंब टाकून चकती दाबून धरली, तर ती जन्मात निघत नाही. मी असेच केले आहे.

काटकोन
कृपया असे करू नका. तो पातळ गोंद फेल्टमध्ये शोषला जातो, वाळल्यावर कडक होतो, आणि मऊ चकतीच्या जागी प्लास्टिकसारखी टणक टिकली उरते, जी संगमरवराला घासते. शिवाय कापूस किंवा लोकर यांच्याशी त्या गोंदाचा संपर्क आला की वेगाने उष्णता निर्माण होते आणि बोटाला चटका बसू शकतो. लाकडी पायावर चकती पक्की करायची असेल, तर चपला दुरुस्त करणारे वापरतात ते सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावावे, ते हाताला ओले लागेनासे होईपर्यंत थांबावे आणि मग जोरात दाबावे.

मिताली_के
माझ्या घरी टाइल आहे आणि चकत्या अजून जागेवर आहेत. मात्र त्या कडक झाल्या आहेत, हे खरे.

इसारकाठ
मी म्युनिकला राहतो. इकडे भाड्याच्या घरांत लाकडी पार्केट किंवा लॅमिनेट असते, आणि खुर्च्यांना फेल्ट लावणे ही घरोघरची सवय आहे. आमच्याकडे साध्या चिकट चकत्याही बरेच महिने टिकतात. मला वाटते, मुख्य फरक पाण्याचा असावा. इथे लाकूड फुगू नये म्हणून जमीन जवळजवळ कोरडीच पुसली जाते. निशिगंधताई, आपल्याकडे फरशी कशी पुसली जाते?

निशिगंध
रोज बादलीत पाणी घेऊन, फडक्याने. बाई खुर्च्या हलवतात, पण जागेवरच पुसतात. यात काय गैर आहे?

काटकोन
गैर काहीच नाही, पण फेल्ट पाणी शोषून घेते आणि तासन्तास ओले राहते. ओलाव्याने गोंद सुटतो, हे एक. याहून गंभीर म्हणजे, आपल्या खुर्चीच्या पाइपाची कड उघडी पडलेली आहे. ओले फेल्ट त्या लोखंडाला चिकटून राहिले, तर गंज सुटेल, आणि संगमरवरावर पडलेला गंजाचा डाग हा ओरखड्यापेक्षा काढायला कठीण असतो. ज्यांच्याकडे लोखंडी कपाट आहे, त्यांनीही हे लक्षात ठेवावे. जे फर्निचर वर्षभर हलत नाही, त्याच्या पायाखाली फेल्ट घालण्याऐवजी पाणी न शोषणारी कडक नायलॉनची टोपी बसवावी. फेल्ट सरकणाऱ्या फर्निचरसाठी आहे.

गोदाकाठ
हे मात्र पटले. आमच्या मावशींच्या घरी कपाटाखाली गंजाचे चार गोल उमटले होते आणि ते कशानेही गेले नाहीत.

षड्ज
बाईंना फक्त एवढे सांगावे, की पुसण्याआधी खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवाव्यात आणि फरशी वाळल्यावर उतरवाव्यात. लोकरीचे असो की पॉलिस्टरचे, फेल्ट कोरडे राहिले पाहिजे, याबद्दल वाटसरू यांच्याशी माझा वाद नाही.

निशिगंध
सर्वांचे आभार. एक बूच काढून पाहिले. ते सहज निघाले आणि आतून गंजाचा चुरा पडला. पाइपाचा बाहेरचा व्यास २५ मिलीमीटर भरला. दुकानात हा आकडा सांगितला तर पुरेल का? आणि पायांच्या कडांवर गोंदाचा जो काळा थर साचला आहे, तो कसा काढायचा?

काटकोन
बाहेरचा व्यास पुरेसा नाही. पाइपाची भिंत किती जाड आहे, त्यावर बूच घट्ट बसेल की सैल हे ठरते, म्हणून काढलेले जुने बूच सोबत घेऊन जा आणि हार्डवेअरच्या दुकानात समोर ठेवून जुळवा. फेल्टचा तळ पाइपापेक्षा फार मोठा घेऊ नका, कारण बाहेर आलेली कड दुमडते. बसवण्याआधी पाइपाच्या आतली कड काचकागदाने घासून गंज काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि उघड्या लोखंडाला रंगाचा एक हात द्या. रंग पूर्ण वाळल्यावरच रबरी हातोड्याने बूच ठोका. हे सगळे खुर्ची वर्तमानपत्रावर उलटी ठेवून करा.

काळ्या थरावर केसांच्या ड्रायरची गरम हवा थोडा वेळ सोडली की तो नरम होतो आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने खरवडता येतो. उरलेला चिकटपणा औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने पुसावा. नेलपॉलिश काढण्याचे द्रव वापरू नका, त्याने पायांचा रंग जाईल.

वाटसरू
ओरखड्यांबद्दल राहिले होते. जिथे नख अडत नाही, त्या रेघा मार्बल पॉलिश करणारा कारागीर एका बैठकीत घालवू शकतो. जिथे अडते, त्या दोन जागा हिऱ्याच्या कणांच्या पॅडने घासून मग पॉलिश कराव्या लागतील. आपणच माणूस बोलावून किंमत लेखी घ्या आणि ती घरमालकांना दाखवा. संपूर्ण खोलीच्या पॉलिशचे पैसे कापले जाण्यापेक्षा दोन जागांचे काम केव्हाही स्वस्त पडेल. बूच बदलण्याआधी मात्र पॉलिश करून घेऊ नका.

निशिगंध
समजले. आधी बुचे, मग पॉलिश. तोवर खुर्च्यांखाली सतरंजी अंथरली आहे.

काटकोन
सतरंजी रोज झटका. तिच्याखाली गेलेली वाळू त्या मऊ संगमरवरावर काचकागदाचेच काम करते. आणि फेल्टची बुचे बसवल्यावरही आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने त्यांचा तळ घासून कण काढत जा. लव दबून चकचकीत दिसू लागली, की बूच बदलायची वेळ झाली असे समजा.