जूनच्या स्नेहमेळाव्यातील जपानी गाणी: कोणती घ्यावीत?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

जूनच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या आपल्या स्नेहमेळाव्यास या वर्षी शेजारच्या काही जपानी कुटुंबांनाही निमंत्रण दिले आहे. त्यांच्यासमोर आपल्या मुलांनी तीन-चार जपानी गाणी म्हणावीत, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. ‘उन्हाळ्याची गाणी’ म्हणून ‘कोइनोबोरि’, ‘उमि’ आणि ‘नात्सु नो ओमोइदे’ ही नावे पुढे आली आहेत. सूचना किंवा हरकती असल्यास शुक्रवारपर्यंत कळवाव्यात.

आपला,
सचिव

*

सचिव महोदय, स. न. वि. वि.

तिन्ही गाणी चांगली आहेत, परंतु जूनच्या पहिल्या आठवड्यात शोभेल असे त्यांत एकच आहे. ‘उन्हाळा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वैशाखातला रखरखाट उभा राहतो. इथल्या जपानी पंचांगातला ग्रीष्म मात्र 5 किंवा 6 मे रोजी ‘रिक्का’ या दिवसाने सुरू होतो आणि त्याचा पहिला महिना, म्हणजे ‘शोका’, कोवळ्या पानांचा, भातलावणीचा आणि काजव्यांचा असतो. ‘कोइनोबोरि’ 5 मेच्या बालदिनाचे गाणे आहे. घरांवरचे कापडी मासे उतरवून महिना झाल्यावर ते म्हणणे म्हणजे दिवाळी उलटल्यावर आकाशकंदील टांगण्यासारखे होईल. ‘उमि’ समुद्राचे, म्हणजे शाळांना सुट्टी लागल्यानंतरचे.

‘नात्सु नो ओमोइदे’ अवश्य ठेवावे. एमा शोको यांचे शब्द आणि नाकादा योशिनाओ यांची चाल असलेले हे गाणे 1949 साली एनएचके रेडिओवरून प्रथम ऐकवले गेले आणि त्यामुळे ‘ओझे’ या ठिकाणची पाणथळ कुरणे देशभर माहीत झाली. नावात नुसता ‘ग्रीष्म’ असला, तरी त्यातले पांढरे मिझुबाशो फुलते ते ओझेत बर्फ वितळल्यावर, मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत. गाण्यावर भुलून मी एकदा ऑगस्टमध्ये तिथे गेले होते. फूल एकही नव्हते. केळीसारखी थोराड पाने तेवढी पाहून परतले.

उरलेल्या जागी ‘चात्सुमि’ आणि ‘नात्सु वा किनु’ ही दोन गाणी घ्यावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. 1912 सालच्या शालेय गीतसंग्रहातले ‘चात्सुमि’ हे चहाची पाने खुडण्याचे गाणे ‘अठ्ठ्याऐंशीव्या रात्री’पासून सुरू होते, ही रात्र वसंतारंभापासून मोजतात आणि ती मेच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला येते. तारीख उलटली असली, तरी पानांची खुडणी पुढेही चालूच राहते. हे गाणे इथल्या प्राथमिक शाळांत तिसरीला शिकवतात, त्यामुळे आपली बरीच मुले ते समोरासमोर बसून, एकमेकांच्या तळहातांवर टाळ्या देत आधीच खेळलेली असतील. शिवाय त्याच्या स्वरांत मध्यम आणि निषाद नाहीत. जपानी संगीतात या सप्तकाला ‘योनानुकि’, म्हणजे चौथा-सातवा वगळलेले, म्हणतात. आपल्याकडे हेच भूपाचे स्वर. पेटीवर साथ करणाऱ्यांना फारसे सांगावे लागणार नाही. फक्त प्रत्येक ओळीची पहिली मात्रा रिकामी सोडून गाणे उचलायचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

‘नात्सु वा किनु’ 1896 सालचे आहे. शब्द सासाकि नोबुत्सुना यांचे, चाल कोयामा साकुनोसुके यांची. पुढे ‘मान्योशू’ या प्राचीन जपानी काव्यसंग्रहाचे थोर अभ्यासक म्हणून नावाजलेले सासाकि तेव्हा पंचविशीतही नव्हते. उनोहानाच्या पांढऱ्या फुलांचे सुगंधी कुंपण, लवकर येऊन दबक्या आवाजात गाणारा होतोतोगिसु पक्षी, पावसात भिजत भातलावणी करणाऱ्या बाया, काजवे, संध्याकाळचा चंद्र, असे एकेक चित्र मांडत प्रत्येक कडवे ‘नात्सु वा किनु’, म्हणजे ‘ग्रीष्म आला’, या तीन जपानी शब्दांवर येऊन थांबते.

योकोहामाची एक सभासद

*

ताई, नमस्कार.

‘चात्सुमि’बद्दल दुमत नाही. ‘नात्सु वा किनु’ मात्र मुलांना जड जाईल असे वाटते. चौथीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने शीर्षक वाचूनच विचारले, “बाबा, उन्हाळा येत नाही असं का म्हणतायत?” इथल्या शाळेत जाणाऱ्या मुलीची ही गत, मग मंडळातल्या लहानग्यांचे काय होणार? त्याऐवजी ‘आमेफुरि’ घ्यावे. जूनमध्ये इथे पाऊस सुरू होतोच, आणि ‘ये रे ये रे पावसा’ला लागून ते म्हणता येईल.

साइतामाचा एक पालक

*

आपल्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. जपानी मुलेही हाच प्रश्न विचारतात. आजच्या भाषेत ‘नु’ नकारार्थी वाटते, परंतु ‘येत नाही’साठी रूप ‘कोनु’ असे होते. ‘किनु’मधला ‘नु’ जुन्या भाषेतला क्रिया पूर्ण झाल्याचा प्रत्यय आहे, म्हणून अर्थ ‘आला आहे’. आपणही ‘पातलो’, ‘देखिला’ अशी रूपे अभंगांतून आधी पाठ करतो आणि अर्थ पुढे केव्हातरी उलगडतो, तेव्हा एवढ्या कारणाने गाणे सोडू नये. पाचही कडव्यांचा माझा हट्ट नाही, पहिली दोन पुरेत. चौथे मोठ्यांनी म्हणावे, कारण त्यात ओउचिची फुले गळतात. हे झाड म्हणजे आपला बकाण निंब. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना ते निराळे ओळखवून द्यायला नको. तिसऱ्यातला काजवा आळशांना बोल लावतो. काजव्यांच्या उजेडात वाचणाऱ्या गरीब चिनी विद्यार्थ्याची गोष्ट त्यामागे आहे. ते कडवे मेळाव्याच्या दिवशी मुलांना न ऐकवलेलेच बरे.

‘आमेफुरि’ची सूचना मात्र मला मनापासून आवडली. किताहारा हाकुशू आणि नाकायामा शिन्पेइ यांच्या 1925 सालच्या या गाण्यातले मूल पावसाला ‘पड, पड’ म्हणते, ते आई छत्री घेऊन न्यायला येईल म्हणून. आपले मूल त्याच पावसाला पैसा देऊ करते आणि तोही खोटा निघतो! दोन्ही लागोपाठ झाली तर पाहुण्यांना अर्थ सांगताना मजा येईल.

योकोहामाची एक सभासद

*

सर्वांचे आभार. ‘चात्सुमि’, ‘नात्सु वा किनु’ची पहिली दोन कडवी, ‘नात्सु नो ओमोइदे’ आणि शेवटी ‘ये रे ये रे पावसा’ व ‘आमेफुरि’ एकत्र, असा क्रम कार्यकारिणीने मान्य केला आहे. देवनागरीतील शब्द अर्थासह उद्या पाठवले जातील. पहिला सराव शनिवारी दुपारी 3 वाजता आहे. टाळ्यांच्या खेळासाठी मुलांची संख्या सम हवी, म्हणून कोण येणार आहे ते आधी कळवावे.

सचिव