टचपॅड दाबले जाईना : आपापले अनुभव लिहा

तापीकाठ, भुसावळ
आज पुतणीने तिचा लॅपटॉप समोर आणून ठेवला. बाण सरकत होता, दोन बोटांनी पान वरखाली होत होते, परंतु टचपॅड दाबल्यावर काहीच उघडत नव्हते. त्यावरून आमच्या जिनिंगमधल्या हिशेबाच्या लॅपटॉपची आठवण झाली. तिथे सगळे जण ड्रायव्हर (टचपॅड चालवणारे सॉफ्टवेअर) काढण्या-घालण्यात गुंतले होते आणि दोष निघाला टचपॅडच्या खालच्या फटीत दबून बसलेल्या रुईच्या तंतूंचा. बहुतेक लॅपटॉपांत ही पाटी वरच्या कडेला बिजागरीसारखी धरलेली असते आणि बटण खालच्या बाजूला असते, त्यामुळे खाली काही अडकले की ती दबत नाही. लॅपटॉप बंद करून आणि चार्जर काढून जाड कागदाच्या कडेने फट साफ केली, तेव्हा कुठे टक् असा आवाज आला. आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

अमळनेरची लेक
माझ्याकडे कारण वेगळे निघाले. लॅपटॉप टेबलावर नीट बसत नव्हता, एका कोपऱ्यावर हात ठेवला की डुलायचा आणि झाकणही पूर्ण मिटत नव्हते. मात्र या गोष्टींचा टचपॅडशी काही संबंध असेल, असे घरात कोणालाही वाटले नाही. दुरुस्तीवाल्या दादांनी तळाचे स्क्रू काढले, तर बॅटरी उशीसारखी फुगलेली होती. ती टचपॅडला खालून रेटत असल्यामुळे पाटीला खाली जायला जागाच उरली नव्हती. बॅटरी बदलताच क्लिक पूर्ववत झाले.

फैजपूरचे गुरुजी
ताईंनी सांगितलेले लक्षण सर्वांनी लक्षात ठेवावे. लिथियम-आयन बॅटरीतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगते. जुनेपणाबरोबरच उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज राहणे, ही त्यामागची मोठी कारणे आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि त्यातच लॅपटॉप दिवसभर चार्जरला जोडून गादीवर ठेवलेला असतो. काही लॅपटॉपांत चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती वापरावी. टचपॅड दबत नाही म्हणून अंगठ्याने जोर देणे मात्र धोक्याचे आहे, कारण खाली फुगलेली बॅटरी असेल तर तो दाब थेट तिच्यावर पडतो.

रावेरचा केळीवाला
गुरुजी, आमच्या रोपांना उन्हात आडोसा करतो, आता लॅपटॉपलाही करावा लागणार असे दिसते.

शिरपूरकर
बॅटरीपर्यंत जाण्यापूर्वी एक साधी परीक्षा करून पाहावी. नुसत्या बोटाच्या टिचकीने फाइल निवडली जाते, पण पाटी दाबल्यावर निवडली जात नाही, असे असेल तर दोष बहुधा यांत्रिक असतो. दोन्ही बंद असतील तर आधी सेटिंग, कीबोर्डवरचे टचपॅड बंद-चालू करण्याचे बटण आणि ड्रायव्हर तपासावेत. विंडोजमध्ये माउस जोडल्यावर टचपॅड बंद ठेवण्याचा पर्याय असतो. आमच्या कार्यालयात माउस कपाटात होता, पण त्याचा नखाएवढा रिसीव्हर मागच्या पोर्टमध्ये तसाच राहिला होता आणि टचपॅड बंद का पडले, याची चर्चा जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली.

नंदुरबारहून
आमच्याकडे चार्जर लावला की बाण उड्या मारायचा आणि क्लिक भलतीकडेच व्हायचे, चार्जर काढला की सगळे सुरळीत. घरातील जुन्या बोर्डाला अर्थिंगच नव्हते, ते करून घेतल्यावर त्रास थांबला.

शिरपूरकर
नंदुरबारकर, ही तक्रार खरी आहे, परंतु ती टचपॅडच्या स्पर्श ओळखण्याची झाली; दाबले न जाण्याचा प्रकार निराळा.

चाळीसगावची विद्यार्थिनी
विद्यापीठाचा परीक्षा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी माझे क्लिक गेले. टॅबने एकेक रकाना गाठला, स्पेसने चौकटीत खूण केली आणि एंटरने अर्ज पाठवला. एका दादाने नंतर सांगितले की विंडोजमध्ये डावे आल्ट, डावे शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबल्यावर आकड्यांच्या बटणांनी बाण हलवता येतो आणि पाचच्या बटणाने क्लिक करता येते. माझ्या लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा भाग नाही, त्यामुळे मला टॅबवरच निभावून न्यावे लागले.

धुळेकर
भावाच्या मॅकबुकचे टचपॅड बंद अवस्थेत दबतच नाही म्हणून आम्ही घाबरलो होतो. 2015 पासूनच्या बऱ्याच मॅकबुकमध्ये पाटी खाली जातच नाही, आतील चुंबकीय यंत्रणा बोटाला दाबल्याचा भास देते, ही माहिती आम्हाला फार उशिरा मिळाली.

यावलकर
ताईंचा अनुभव वाचून आमची काढून ठेवलेली बॅटरी पाहिली, तर तीही फुगलेली आहे. ती पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली होती. घंटागाडीत द्यावी काय?

फैजपूरचे गुरुजी
घंटागाडीत देऊ नये, कारण कचरा दाबताना ती फुटून पेट घेऊ शकते. तिला टोचू नये, चार्जही करू नये आणि माळ्यावरून आजच उतरवून सावलीत, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून संबंधित कंपनीच्या सेवा केंद्रात फोन करून ती कुठे जमा करायची हे विचारावे.

यावलकर
उतरवली आहे. केंद्र जळगावला आहे, सोमवारी मुलगा घेऊन जाईल.