मदत हवी आहे: ढोल आणि डिस्टॉर्शनवाली गिटार एकत्र रेकॉर्ड करताना ढोल हरवतोय

नमस्कार मंडळी,

सोलफ्लाय या मेटल बँडचा 1998 सालचा पहिला अल्बम परवा खूप वर्षांनी सलग ऐकला. कॉलेजात असताना सगळं लक्ष गिटारकडे. त्यांचा गायक-गिटारवादक मॅक्स कॅव्हलेरा चारच तारा लावतो, खालच्या दोन बारीक तारा ठेवतच नाही, याचंच अप्रूप. मधल्या काळात पाच वर्षं पथकात ढोल वाजवला, म्हणून असेल, पण या वेळी कान सारखा तालवाद्यांकडे जात होता.

ती वाजवायला ब्राझीलमधल्या रेसिफेच्या नासाँव झुंबी बँडचे वादक होते. त्यांचं मुख्य वाद्य अल्फाया. लाकडी खोड, चामड्याची पानं, दोर ओढून ताणलेलं. म्हणजे आपला ढोलच, फक्त दोन काठ्यांनी वाजवायचा! 'ट्राइब' या गाण्यात ज्या झुंबीचं नाव येतं, तो पळून आलेल्या गुलामांच्या पाल्मारेस वस्तीचा नेता, 1695 मध्ये मारला गेला. अशा वस्तीला किलोंबो म्हणतात, त्या नावाचंही गाणं आहे. आणि हा सगळा दणका मॅक्सचा सावत्र मुलगा डेना 1996 मध्ये गेल्यानंतरचा. 'ब्लीड' त्याच्यासाठीच आहे. हे माहीत असताना ऐकलं तर ढोलांचा आवाज फार आतवर जातो.

आता अडचण. भाच्याच्या गिटारसोबत असंच काही करून बघतोय. खोली दहा बाय बारा, भिंतींना गाद्या उभ्या केल्यात. एक माइक टिपरूच्या (काठीच्या) बाजूला, दीड फुटावर. नुसता ढोल ऐकला तर घुमतो. गिटार आणि बास चढवले की टिपरूचा फटका गायब, उरतो फक्त गोळा. ढोल वाढवला की गिटार बुडते. गिटारमधलं 100 हर्ट्झखालचं कापलं, त्यानं जरा मोकळं झालं, पण बास आणि ढोल अजून एकमेकांवर चढतात.

थापेच्या (हाताच्या) बाजूला दुसरा माइक लावू का? लावला तर एकाची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करावी लागेल का? फायबरच्या पानाऐवजी चामड्याचं पान घेतलं तर फटका जास्त सुटा येईल का? आणि बासनं ढोलाच्या ठोक्यावरच वाजवावं, की मधल्या रिकाम्या जागेत?

पथकाचं रेकॉर्डिंग कुणी बंद खोलीत केलं असेल तर माइक नेमका कुठे होता ते कृपया सांगा. ढोल पथकाचा आहे, रविवारी संध्याकाळी परत द्यायचाय.