माघार, माघारी, तैनाती: परदेशातल्या फौजेला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

इराक युद्धानंतर अमेरिकेत जो वाद पेटला, सैन्य तिथेच ठेवायचं की घरी आणायचं, त्यावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. गाडी एका शब्दावर अडली आहे: ‘विथड्रॉवल’. पहिल्या खर्ड्यात डोळे झाकून सगळीकडे ‘माघार’ लिहिलं. परत वाचताना खटकलं. सैन्य घरी आणा म्हणून रस्त्यावर उतरलेली माणसं माझ्या अनुवादात ‘माघार घ्या, माघार घ्या’ असं ओरडताहेत! आपल्याच सैन्याने माघार घ्यावी अशी घोषणा कोण देईल? ‘सैन्यवापसी’ हिंदी वळणाचं वाटतं, आणि ‘प्रत्याहार’ लिहिलं तर वाचक योगाचं पुस्तक समजेल. सुचवा काहीतरी.

उत्तर

खटकलं ते बरोबरच. ‘माघारी’ आणि ‘माघार’ सख्खे असले तरी स्वभाव वेगळे. पाहुणे माघारी फिरतात, उसने घेतलेले पैसे माघारी देतात. त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही. ‘माघार घेतली’ म्हटलं की मात्र समोर कुणीतरी उभं होतं आणि आपण नमलो, हे आलंच. म्हणून ‘फौज माघारी बोलावली’ यात निर्णय बोलावणाऱ्याचा, आणि ‘फौजेने माघार घेतली’ यात हार फौजेची. तिसरं आहे ‘फौज हटवली’. हटवतात ते अतिक्रमण नाहीतर अडथळा. ज्याच्या दारात फौज बसली आहे त्याच्या तोंडी ते शोभतं.

तेव्हा वीस ठिकाणी एकच प्रतिशब्द बसवायचा हट्ट सोडा. वाक्य कुणाच्या तोंडचं आहे ते बघा. मोर्चातला माणूस ‘पोरांना घरी आणा’ म्हणेल, बगदादचा माणूस ‘फौज हटवा’ म्हणेल, आणि सैन्य ठेवा म्हणणारा ‘माघार कदापि नाही’ म्हणेल.

यावर एक पुरवणी

या तिसऱ्या मंडळींची आवडती शिवी होती ‘कट अँड रन’. सैन्य परत आणा म्हणणाऱ्यांवर ती सर्रास फेकली जाई. मूळ अर्थ जहाजावरचा: नांगर वर ओढायलाही वेळ नाही, म्हणून दोर कापायचा आणि वारा मिळेल तिकडे पळायचं. शब्दशः उतरवलंत तर पंचाईत होईल. आपल्याकडे दोर कापणारा सूर्याजी मालुसरे! सिंहगडाच्या कथेत दोर कापले ते पळणाऱ्यांची वाट बंद करायला. तिकडे दोर कापणारा भित्रा, इकडे दोर कापणारा शूर. ‘शेपूट घालणे’ किंवा सरळ ‘पळ काढणे’ वापरा.

हरकत

मी बरीच वर्षं बातम्यांना मथळे देण्याचं काम केलंय, म्हणून ‘माघार’ची बाजू घेतो. तीन अक्षरं, कुठल्याही रकान्यात बसतात. शिवाय रोजच्या वापराने त्या शब्दाची धार गेलेली आहे. उमेदवार अर्ज मागे घेतो, आपण ‘माघार’ छापतो. दरवर्षी ‘मान्सूनची माघार’ छापतो. त्यात पावसाची मानहानी झाली असं कुणी म्हणतं का? तुम्ही अनुवादक मंडळी शब्द फार उन्हात धरून बघता.

उत्तर

मान्सूनला विरोधी पक्ष नसतो, साहेब! फौजेला असतो. (आणि पावसासाठी आपल्याकडे ‘परतीचा पाऊस’ हा किती गोड शब्द आहे, तो सोडून माघार कशाला?)

धार गेली नाही याचं उदाहरण देतो. सप्टेंबर 2007 मध्ये ब्रिटिश सैन्याने इराकमधल्या बसरा शहरातला राजवाडा सोडला आणि ते विमानतळावरच्या तळावर गेलं. देश सोडला नव्हता, शहराच्या मध्यातून कडेला गेलं होतं. तरी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना जाहीर सांगावं लागलं की हा पराभव नव्हे, आधी ठरवून केलेली हालचाल आहे. का सांगावं लागलं? बघणाऱ्यांनी त्याला माघार म्हटलं म्हणून. आपण त्या दिवशी ‘ब्रिटनची बसऱ्यातून माघार’ छापलं, तर भांडणाचा निकाल मथळ्यातच लागला. ‘मुक्काम हलवला’ हे कोरडं पण खरं.

प्रश्नकर्तीकडून

पटलं. आता उलट बाजू. सैन्य ‘ठेवणे’ याला काय? लेखात अध्यक्षपदाच्या शर्यतीतले सिनेटर जॉन मॅकेन यांचं ते गाजलेलं उत्तर आहे. जानेवारी 2008, न्यू हॅम्पशरमधली सभा. इराकमध्ये पन्नास वर्षं राहावं लागेल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, शंभरही चालतील. जपानमध्ये आपण साठ वर्षं आहोत, दक्षिण कोरियात पन्नास; आपली माणसं मरत नसतील तर माझी हरकत नाही. विरोधकांनी त्याचं ‘शंभर वर्षं युद्ध’ केलं. मी ‘तळ ठोकून राहणे’ लिहिलंय. चालेल?

उत्तर

इथे तर मराठीत भांडण सोडवायची सोय आहे. ‘शंभर वर्षं लढणे’ आणि ‘शंभर वर्षं मुक्काम’ ही दोन वेगळी वाक्यं. मॅकेन दुसरं बोलले, त्यांच्या नावावर पहिलं चढलं. अर्थात विरोधकांचा मुद्दा अगदीच हवेत नव्हता: ज्या गावात मुक्काम आहे तिथे गोळीबार चालू असेल, तर मुक्काम आणि युद्ध वेगळं कसं करणार?

‘तळ ठोकणे’ मात्र सांभाळून. त्यात ‘हटायला तयार नाही’ असा चिवट वास आहे, मॅकेन स्वतः तसं म्हणणार नाहीत. गंमत म्हणजे ‘तळ’ हा मुळात रात्रीपुरता उतरण्याचा शब्द. पालखीतळावरची पालखी सकाळी हलते. ‘लष्करी तळ’ मात्र उठायचं नावच घेत नाही. अमेरिकेतही नेमका यावरच वाद होता. 2007 च्या सुमाराला तिथल्या काँग्रेसने इराकमध्ये कायमचे तळ उभारायला पैसा वापरायचा नाही अशी अट कायद्यात घातली. अधिकारी ‘कायमचे’ हा शब्द टाळून ‘एन्ड्युरिंग’, म्हणजे ‘टिकाऊ’, म्हणत. तुमच्या लेखात ‘एन्ड्युरिंग’ आला असेल तर कृपा करून ‘कायमचा’ करू नका. लपवाछपवी मूळ शब्दातच आहे, ती अनुवादातही दिसू द्या.

आणखी एक मत

‘तैनात’ का नको? सगळे तेच लिहितात.

उत्तर

लिहा, पण जरा कान देऊन. ‘तैनात’ अरबी-फारसीतून आला. नेमणूक आणि नेमून दिलेलं वेतन हे त्याचे जुने अर्थ. कुणाला किती वेतन याची यादी म्हणजे तैनातजाबता. आणि मराठी माणसाला परक्या फौजेसोबत हा शब्द शाळेतच भेटतो: तैनाती फौज. 31 डिसेंबर 1802 चा वसईचा तह. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची किमान 6,000 शिपायांची फौज आपल्या मुलखात कायमची ठेवून घेतली आणि तिच्या खर्चापोटी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. फौज ‘संरक्षणाला’, खर्च यजमानाचा. जपानमध्ये अमेरिकी तळांच्या खर्चातला वाटा जपान सरकार उचलतं, त्याला 1978 पासून तिथे ‘ओमोइयारी’ म्हणतात. म्हणजे आपुलकीचा खर्च! हे वाचून मला बाजीरावच आठवला. ‘इराकमध्ये तैनात फौज’ ठीक; ‘इराकमधली तैनाती फौज’ लिहिलंत की दीड अक्षरात तुम्ही मत दिलंत.

प्रश्नकर्तीकडून

आणि ‘ताबा’?

उत्तर

त्याला तारीख आहे. मे 2003 मध्ये सुरक्षा परिषदेच्या 1483 क्रमांकाच्या ठरावात अमेरिका आणि ब्रिटन यांना ताबा घेतलेल्या सत्ता म्हणूनच धरलं होतं, तेव्हा तिथे बेधडक ‘ताबा’ लिहा. 28 जून 2004 ला सत्ता इराकी सरकारकडे सोपवली, कागदावर ताबा संपला. त्याच छावण्यांत तेच लाखाच्या वर सैनिक ‘बहुराष्ट्रीय फौज’ म्हणून राहिले. त्यानंतर ‘ताबा’ हे मत, त्याआधी ती वस्तुस्थिती. (‘व्याप्त’ नको. मराठीत तो एका काश्मीरच्या जोडशब्दाला इतका चिकटलाय की दुसरीकडे नेला तरी तेच आठवतं.)

नावाबद्दल

अमेरिका आणि इराक यांच्यातल्या 17 नोव्हेंबर 2008 च्या कराराचा उल्लेख लेखात असणारच. इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला ‘स्टेटस ऑफ फोर्सेस अ‍ॅग्रीमेंट’च्या आद्याक्षरांनी ‘सोफा’ म्हणत. मराठीत तसंच ठेवलंत तर फौज ऐसपैस रेलून बसल्याचं चित्र उभं राहील. कराराचं अधिकृत नाव मात्र लांबलचक आहे आणि त्यात आधी सैन्य काढून घेण्याची गोष्ट येते, मग तोवरच्या ‘तात्पुरत्या उपस्थितीची’. शहरांतून 30 जून 2009 पर्यंत, देशातून 31 डिसेंबर 2011 पर्यंत. तरीही अमेरिकाविरोधी शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांच्या समर्थकांना तो मुक्कामाचाच करार वाटला. ज्या फिरदोस चौकात 2003 मध्ये सद्दामचा पुतळा पाडला, तिथेच जमून त्यांनी बुश यांचा पुतळा जाळला. नावात ‘जाणार’, ऐकणाऱ्याला ‘राहणार’. शहरांतून सैनिक गेले तो 30 जूनचा दिवस इराक सरकारने राष्ट्रीय सार्वभौमत्व दिन म्हणून सुटी देऊन साजरा केला. इथे ‘माघार’ लिहून बघा, आणि ‘फौज गेली’ लिहून बघा.

प्रश्नकर्तीकडून, शेवटचं

वीसपैकी अठरा जागा सुटल्या. मोर्चात ‘घरी आणा’, बगदादमध्ये ‘हटवा’, सरकारी निवेदनात ‘काढून घेणे’, मॅकेनना ‘मुक्काम’. ‘माघार’ दोनच ठिकाणी ठेवलं, दोन्हीकडे बोलणारा टोमणा मारतोय. 18 डिसेंबर 2011 च्या वाक्याला शब्दच लागला नाही: ‘शेवटचा ताफा पहाटे कुवेतच्या हद्दीत शिरला.’

एक ‘परतले’ मात्र छळतंय. 2011 च्या परिच्छेदात मी ‘अमेरिकी सैनिक परतले’ लिहिलंय. पुढे जून 2014, इराकमधलं मोसुल शहर ‘इसिस’च्या हाती पडलं, ओबामांनी 300 पर्यंत लष्करी सल्लागार पाठवायचं जाहीर केलं. तिथेही हातून लिहून गेलं, ‘अमेरिकी सैनिक परतले’.

उत्तर

पहिल्यात ‘मायदेशी’ घाला. दुसरं तसंच राहू द्या.