लास वेगासच्या थीम हॉटेलातली साधी खोली : अनुभव आणि खाचाखोचा

उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन अमेरिकेचा पश्चिम किनारा फिरणारे आणि पुण्या-मुंबईहून टूरने येऊन वेगासला एक-दोन रात्री टेकणारे, अशा दोघांच्याही उपयोगी पडावा म्हणून हा धागा. शो, बुफे आणि कसिनोवर लिहिणारे भरपूर आहेत. इथे फक्त खोलीबद्दल लिहा, तीही सर्वांत स्वस्त, साधी खोली. पिरॅमिड, किल्ला, आयफेल टॉवर हे सगळं लॉबीपर्यंत असतं. खोलीचं दार उघडलं की दोन पलंग, टीव्ही, एक खुर्ची आणि जाड पडदा. त्यामुळे खोली कुठल्या टॉवरमध्ये, कितव्या मजल्यावर आणि कुठल्या बाजूला आहे यावरच मुक्काम सुखाचा होतो की नाही ते ठरतं. ज्यांना माहिती आहे त्यांनी आपापल्या टोपणनावाने नेमकं लिहावं ही विनंती.

वाळवंटी

लक्सर या पिरॅमिडच्या थीमच्या हॉटेलापासून सुरुवात करतो, कारण तिथे साध्या खोलीचेच दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. १९९३ साली उघडलेला ३० मजली काळ्या काचेचा पिरॅमिड हा एक भाग, आणि नंतर शेजारी बांधलेले दोन टॉवर हा दुसरा. बुकिंग करताना 'पिरॅमिड' की 'टॉवर' हे वाचून घ्या. किमतीत फरक थोडा असतो, राहण्यात बराच.

पिरॅमिडच्या खोलीत बाहेरची भिंत तिरकी असते आणि खिडकी त्याच भिंतीत. म्हणजे जमिनीवर दिसते तेवढी जागा उभं राहायला मिळत नाही. खिडकीकडे चालत गेलात की छत डोक्याशी येतं, उंच माणसाने जपून. बॅगा त्या कोपऱ्यात सरकवायच्या आणि चालण्याची वाट पलंगाच्या आतल्या बाजूने ठेवायची. तिरक्या काचेवर ऊन सरळ पडतं, म्हणून पश्चिमेकडची खोली जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर तापते. बाहेर पडताना पडदा पूर्ण ओढून जा. एसीला संध्याकाळी तापलेल्या खोलीशी झगडावं लागलं की रात्री अकरापर्यंत गारवा येत नाही. शिवाय बऱ्याच हॉटेलांत थर्मोस्टॅटला हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. खोली रिकामी आहे असं वाटलं की तो तापमान आपोआप वर नेतो, त्यामुळे एसी चालू ठेवून जाण्याचा उपयोग मर्यादितच.

पिरॅमिडमधल्या बहुतेक खोल्यांत बाथटब नसतो, फक्त शॉवर. टब हवा असेल तर टॉवर घ्या.

लिफ्ट चार कोपऱ्यांत आहेत आणि त्या ३९ अंशांच्या कोनात वर जातात. इन्क्लिनेटर म्हणतात त्यांना. उभ्या लिफ्टपेक्षा हळू, आणि सुटताना-थांबताना बाजूला हिसका बसतो. वयस्कर माणसांना कठडा धरायला सांगा. आपल्या खोलीला कुठला कोपरा जवळ हे चेक-इनच्या काउंटरवरच विचारून घ्या. चुकीच्या कोपऱ्याने वर गेलात तर अख्खी बाजू बॅगा ओढत चालावी लागते. खोलीबाहेरचा पॅसेज आतल्या मोकळ्या पोकळीकडे उघडा असतो, त्यामुळे खालचा गलका वर येतो आणि लहान मुलांचा हात सोडायचा नाही.

हिशेबनीस

किमतीचं गणित आधी करा. खोलीचं भाडं, त्यावर हॉटेलची रोजची सक्तीची रिसॉर्ट फी, आणि दोन्हींच्या बेरजेवर स्ट्रिपवरचा (बड्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरचा) १३.३८ टक्के कर. उदाहरणादाखल ६० डॉलरची खोली आणि ४५ डॉलर फी धरली तर १०५, त्यावर कर १४.०५, म्हणजे एका रात्रीचे ११९.०५ डॉलर. जवळजवळ दुप्पट! १२ मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आला की सक्तीची फी जाहिरातीतल्या किमतीतच दाखवायची. त्यामुळे आता पहिल्याच पानावर मोठा आकडा दिसतो. तरी कर वेगळा असू शकतो, शेवटचं पान बघितल्याशिवाय तुलना करू नका. पार्किंग निराळं, ते या आकड्यात नाही.

रात्र कुठली हे सर्वांत महत्त्वाचं. मंगळवारची खोली आणि शनिवारची तीच खोली यांत कित्येक पट फरक पडतो. जानेवारीत सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन आणि नोव्हेंबरात फॉर्म्युला वनची शर्यत, या दिवसांत साध्या खोलीचा भावही अंगावर येतो. मूळ बेत रविवार ते गुरुवारात बसवता आला तर बसवाच.

कार्डवाली

हिशेबनीसांच्या म्हणण्यात भर. चेक-इनला 'इन्सिडेंटल' (मुक्कामातला वरखर्च) म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात, साधारण ५० ते १०० डॉलर, कुठे मुक्कामाला एकदाच तर कुठे प्रत्येक रात्रीला. ही वसुली नसते, राखीव रक्कम असते. पण भारतातलं फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड दिलं तर ते पैसे परत मोकळे व्हायला आठवडे लागू शकतात, आणि पुढच्या गावी शिल्लक कमी पडते. इथे क्रेडिट कार्डच द्या. बुकिंग ज्याच्या नावावर त्याचंच कार्ड आणि त्याचाच पासपोर्ट लागतो. मुलाने कॅलिफोर्नियातून आई-वडिलांसाठी खोली घेतली असेल आणि तो सोबत नसेल, तर हॉटेलला फोन करून पाहुण्यांची नावं आधी घालून घ्या.

आणखी एक. स्ट्रिपवरच्या बहुतेक कसिनो हॉटेलांत चेक-इन करणाऱ्याचं वय २१ पूर्ण लागतं. शिकायला आलेली २१ च्या आतली मुलं इथे अडतात.

चहाबाज

सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न : चहा. साध्या खोलीत किटली नसते, कॉफीचं यंत्रही बहुधा नसतं. म्हणून आपली मंडळी घरची किटली आणतात. भारतातली १५०० वॉटची किटली २३० व्होल्टसाठी असते. अमेरिकेत १२० व्होल्ट. व्होल्टेज निम्मं झालं की शक्ती चौथाईवर येते, म्हणजे सुमारे ४०० वॉट. लिटरभर पाण्याला एरवी चार मिनिटं लागतात, तिथे पंधराच्या वर लागतील, आणि पिन बदलणारा अडॅप्टर लावून यात काहीही फरक पडत नाही, कारण तो व्होल्टेज वाढवत नाही. दुहेरी व्होल्टेजची प्रवासी किटली घ्या आणि तिचं बटण ११०-१२० वर आहे ना ते बघा. परतल्यावर ते २३० वर न्यायला विसरू नका, नाहीतर किटली जळते.

तिथलीच १५०० वॉटची किटली विकत घेतलीत तर ती साडेबारा अँपिअर ओढते. त्याच वेळी कुणी हेअर ड्रायर लावला आणि दोन्ही एकाच सर्किटवर असतील तर ब्रेकर पडतो. नुसता बाथरूमचा सॉकेट मेला असेल तर त्यावरचं छोटं रिसेट बटण दाबून पाहा, मगच फोन करा.

खोलीत इंडक्शन, खिचडी, फोडणी असले प्रकार करू नका. अगरबत्तीही नको. धुराचा वास आला की धूम्रपानाचा दंड लावू शकतात आणि तो काही शे डॉलरचा असतो.

निशाचर

झोप प्यारी असणाऱ्यांसाठी. न्यूयॉर्क-न्यूयॉर्क हॉटेलात इमारतीभोवतीच रोलर कोस्टर फिरतो. त्या बाजूची खोली मिळाली तर गाडी घरघरत जाते आणि पाठोपाठ किंकाळ्या. 'कोस्टरपासून लांब, वरचा मजला' एवढंच सांगा, त्यांना कळतं. समोर रस्त्यापलीकडे एक्सकॅलिबर, किल्ल्याच्या थीमचं. त्यात दुरुस्त केलेल्या आणि जुन्या खोल्यांत खूप फरक आहे, खोलीच्या नावात 'रिसॉर्ट टॉवर' आहे का बघा. पॅरिस हॉटेलात स्ट्रिपकडची खोली म्हणजे समोर बेलाजिओ हॉटेलची कारंजी, पण तिचे पैसे वेगळे लागतात.

कुठेही दोन गोष्टी नको म्हणा : लिफ्टला लागून खोली, आणि शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार. या दारातून आवाज सर्रास येतो. एका कुटुंबाच्या दोन खोल्या असतील तर मात्र हेच दार मागून घ्या.

सिगारेटच्या वासाचा त्रास असेल तर एक सोपा मार्ग आहे. पार्क एमजीएमचा कसिनो पूर्ण धूम्रपानमुक्त आहे. इतर ठिकाणी खोली बिनधुराची असली तरी लिफ्टपर्यंतची वाट धुरातूनच जाते.

गुडघेदुखी

ज्येष्ठांसाठी व्हेनेशियन हॉटेल छान, तिथली सर्वांत साधी खोलीही 'स्वीट' म्हणजे बसायची वेगळी जागा असलेली मोठी खोली असते. पण बसायची जागा दोन-तीन पायऱ्या खाली असते. रात्री अंधारात उठणाऱ्यांना हे आधी दाखवून ठेवा, शक्य तर बाथरूमचा दिवा चालू ठेवा.

हॉटेलं अफाट आहेत. नकाशावर 'शेजारी' दिसणारं हॉटेल खोलीच्या दारापासून वीस मिनिटांवर असू शकतं. मँडले बे, लक्सर आणि एक्सकॅलिबर यांच्यात फुकट ट्राम आहे, तिचा उपयोग करा. इन्सुलिन ठेवायला फ्रिज हवा असेल तर बुकिंगनंतर फोन करून नोंदवा, साध्या खोलीत तो गृहीत धरू नका. आणि जिथे खाऊ-पेयांचा ट्रे मांडलेला असतो तिथे काहीही उचलून बघायचं नाही. काही हॉटेलांत वस्तू हलली की सेन्सर थेट बिलात चढवतो. हॉटेलने खाऊ-पेयं भरलेल्या फ्रिजात आपली बाटली खुपसायला जागा करणं हेही उचलण्यातच जमा.

मांडवीकाठ

गोव्याहून येणाऱ्यांसाठी थोडक्यात. मांडवीतल्या कसिनो बोटींवर प्रवेशाचं तिकीट असतं आणि त्यात जेवण येतं. वेगासला कसिनोत शिरायला तिकीट नाही, तो सगळा तळमजलाच आहे. खोलीकडे जाताना मुलांना घेऊन तिथून चालत जाता येतं, पण मशीनपाशी थांबता येत नाही. थांबलात की सुरक्षारक्षक येतो.

वाळवंटी

दोन गोष्टी राहिल्या. चेक-इन दुपारी ३ किंवा ४ ला, चेक-आउट बहुतेक ठिकाणी ११ ला. सकाळी पोचलात तर बॅगा बेल डेस्कवर (सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर) ठेवा, पावती घ्या, एक-दोन डॉलर टिप द्या. 'दोन क्वीन पलंग' हा पर्याय खोलीच्या प्रकारातच लिहिला नसेल तर ती नुसती विनंती असते. शनिवारी रात्री नऊला पोचणाऱ्या चौघांना एकच किंग पलंग हाती येतो, कारण दोन पलंगांच्या खोल्या तोवर संपलेल्या असतात. ॲपवरून सकाळीच चेक-इन करून ठेवा.

दाराला 'व्यत्यय नको' लावून दोन दिवस आत बसता येईल असं समजू नका. २०१७ साली मँडले बेच्या खोलीतून झालेल्या गोळीबारानंतर अनेक हॉटेलांत ठरावीक तासांनी कर्मचारी खोली पाहून जातात. पासपोर्ट तिजोरीत, आणि निघायच्या आदल्या रात्रीच टीव्हीवर किंवा ॲपमध्ये बिल उघडून बघा. चुकीची नोंद काउंटरवर त्याच वेळी काढून टाकतात. भारतात परतल्यावर तेच ईमेलवर मिटवायला महिना जातो.