कोलिओफोरा पतंग: मिशांवरून जात ठरते का?

प्रश्न: फिकट पिवळसर पतंग, बसलेला असताना लांबी जेमतेम 6 मिमी. मिशा समोर सरळ ताणलेल्या, त्यांवर पांढरी-तपकिरी कडी. कोलिओफोरा (छोट्या पतंगांचा एक वंश) वाटतो, पण त्यातली जात कोणती?

उत्तर 1: बैठक कोलिओफोराचीच. 10 पट भिंगातून बघा: कडी टोकापर्यंत जातात की टोक कोरं पांढरं? मिशीच्या बुडाच्या पेऱ्यावर खवल्यांचा झुपका? पंखाच्या शिरांवर पांढऱ्या रेघा?

उत्तर 2: खवले झडले की रेघा पुसट होतात, म्हणून दोन्ही पंख ताडून पाहा.

उत्तर 3: अल्टिकोलेला आणि ग्लॉसिकोलेला या कोलिओफोराच्या दोन जाती बाहेरून वेगळ्या ओळखूच येत नाहीत. पोट 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून जननांग तपासावं लागतं. तोवर नोंदीत फक्त ‘कोलिओफोरा’ लिहा, कृपया अंदाजाने जात टाकू नका.