कळसूबाईच्या बारी वाटेची दुरुस्ती: आधी कोणते काम हाती घ्यावे?

पायवाट
नमस्कार. बारी गावातील काही मंडळींनी आमच्या गिर्यारोहण मंडळाकडे कळसूबाईच्या वाटेबद्दल सूचनांचे टिपण मागितले आहे. ते आधी ग्रामसभेपुढे आणि नंतर वन विभागाकडे जाईल. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर असल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर चढणारा माणूसही येथेच येतो, आणि पावसाळ्यात शनिवारी रात्री लागलेली रीघ रविवारी दुपारपर्यंत तुटत नाही. टिपण लिहायला बसलो आणि मंडळात तीन तट पडले. काहींना पायथ्यापासून माथ्यापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या हव्यात, काहींना शिड्यांशेजारी दुसऱ्या शिड्या हव्यात, तर काहींच्या मते वाटेला हातच लावू नये. पैसा आणि माणसे मोजकीच मिळणार हे गृहीत धरून, एकच काम आधी करायचे असेल तर ते कोणते असावे?

घसारा
पाण्याची वाट आणि माणसांची वाट वेगळी करणे, हे पहिले काम. मागच्या जुलैत वरच्या टप्प्यावर एका वळणाशी मी पावसात थांबून राहिलो होतो. वाटेवरून घोट्याएवढे तांबडे पाणी सरळ खाली धावत होते, आणि आदल्या हिवाळ्यात ज्या धोंड्यावर निर्धास्तपणे पाय दिला होता त्याच्याखाली चार बोटे पोकळी झाली होती. उभ्या उताराला सरळ भिडणारी वाट पावसात ओहोळ होते. मग माणसे चिखल टाळण्यासाठी कडेने चालतात, कडेचे गवत मरते, वाट रुंदावते आणि पुढच्या वर्षी ओहोळही तेवढाच रुंद होतो. कठड्याच्या खांबांचे पाये उघडे पडतात तेही याच कारणाने.

यावर उपाय स्वस्त आहे. चढाच्या टप्प्यांवर थोड्या थोड्या अंतराने लांबट दगड वाटेला तिरके आडवे बसवावेत, ते अर्ध्याहून अधिक जमिनीत पुरावेत आणि अडलेले पाणी उताराच्या बाजूला चराने काढून द्यावे. पायऱ्या अगदी तीव्र चढावरच कराव्यात, त्याही रचीव दगडाच्या. सिमेंटवरून पाणी अधिक वेगाने उतरते, कडेचा मुरूम खरवडते आणि पायरी खालून पोकळ होते. काम दिवाळीच्या सुमारास, जमिनीत ओल असतानाच उरकावे. कारवीतून पाडलेल्या आडवाटाही दगड आणि काटेरी फांद्या टाकून त्याच वेळी बंद कराव्यात. सात वर्षांनी एकदा फुलून मरणारी ही झुडपे उतारावरची माती धरून ठेवतात, आणि बी रुजण्याच्या जागी पाय पडत राहिले तर तेथे पुन्हा काहीच उगवत नाही.

माहेरवाशीण
वरील प्रतिसाद पटतो, पण तो बूट घालून चढणाऱ्यांचा आहे. नवरात्रात माझी आई आणि तिच्याबरोबरच्या बायका देवीला अनवाणी जातात. रचीव पायरी म्हणून दीड-दीड फुटाचे धोंडे बसवले, तर साठीच्या बाईला नऊवारी सावरून प्रत्येक पायरीला हात टेकावा लागतो. पायरी वीतभरापेक्षा उंच नको, हे टिपणात स्वच्छ लिहावे. दुसरे म्हणजे, शिडी संपून पाय कातळावर टाकायचा असतो तेथे हाताला भक्कम आधार हवा. शिडीवर भीती वाटत नाही. ती सोडताना वाटते.

बारीकर
मी वाटेवर लिंबूपाण्याचे दुकान लावतो. दुसऱ्या शिडीने गर्दी कमी होणार नाही, ती फक्त माथ्यावर जाईल, आणि देवळाभोवती जागा किती आहे हे आपण पाहिलेच आहे. खरा धोका शेवटच्या शिडीशी आहे. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडतात, आणि रांगेला कंटाळलेली पोरे शेजारच्या ओल्या कातळावरून चढू पाहतात. शनिवार-रविवारी खाली एक आणि वर एक असे दोन गावकरी उभे करून पंधरा जण वर, मग पंधरा जण खाली, एवढे केले तरी पुरे. त्यांचा रोज गाड्यांच्या पार्किंगच्या पैशांतून निघेल.

दगडाचे काम मात्र गावालाच द्या. भातखाचराचे बांध आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चुन्या-सिमेंटाशिवाय रचतो आणि ते पावसात टिकतात. मागे बाहेरच्या एका ठेकेदाराने डोक्यावरून वाळू वाहून नेऊन काही पायऱ्या केल्या होत्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या कडा हाताने निघत होत्या.

आडवाटे
एक कायदेशीर बाब ध्यानात असू द्या. हा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ मध्ये अधिवासाच्या हानीबरोबरच अभयारण्यातील पाण्याचा प्रवाह वळवण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून हातभर चरसुद्धा आपल्या मनाने खणू नये; प्रत्येक चराची जागा नकाशावर दाखवून वन विभागामार्फतच काम करावे.

पायवाट
सर्वांचे आभार. टिपणात चर आणि आडवे दगड पहिले, शिडीवरील पाळी दुसरी आणि वीतभर पायऱ्या तिसऱ्या, असा क्रम लावतो आहे. सिमेंटचा प्रस्ताव मी मागे घ्यायला लावीन. एकच शंका उरते: भर पावसात पालापाचोळ्याने आणि गाळाने चर बुजले, तर ते मोकळे कोण करणार?

बारीकर
आवणी चालू असते तेव्हा गावात माणूस मिळत नाही, हे खरे. पण दुकाने तेव्हाही लागतात. प्रत्येक दुकानदाराने आपल्यापासून वरच्या दुकानापर्यंतचे चर सोमवारी सकाळी, गर्दी ओसरल्यावर, कुदळीने मोकळे करावेत, अशी वाटणी ग्रामसभेत मांडतो. माझ्या दुकानाच्या वरचा टप्पा माझ्या नावावर लिहून घ्या.